खाल्लेले अंगी का लागत नाही?

"डॉक्टर, पूर्वीइतकेच जेवतो, पण अंगी लागत नाही. जंत असतील का?" हा प्रश्न माझ्या दवाखान्यात आठवड्यातून दोन-चार वेळा तरी ऐकू येतो. या सदराकडे येणाऱ्या पत्रांतही तो असतो. बहुतेकांनी प्रश्न विचारण्याआधीच उत्तर ठरवलेले असते. औषधाच्या दुकानातून जंताची गोळी आणून ती रात्री घेतलेली असते. कोणी वावडिंगाचा काढा घेतलेला असतो, कोणी दृष्ट काढलेली असते. महिना-दोन महिने असेच जातात आणि वजन मात्र उतरतच राहते.

पोटातील जंत व इतर परोपजीवी यांमुळे वजन घटू शकते, हे खरे आहे. पण ते सगळे एकाच गोळीने मरत नाहीत, आणि वजन घटण्याचे कारण दर वेळी पोटातच असते असेही नाही. म्हणून आधी कारण शोधावे आणि मग औषध घ्यावे, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

वजन घटले असे केव्हा म्हणावे?

उन्हाळ्यात किंवा लग्नसराईच्या धावपळीत किलोभर वजन इकडे-तिकडे होते. त्याची चिंता करू नये. परंतु आहार कमी केलेला नसताना, मुद्दाम व्यायाम सुरू केलेला नसताना, सहा महिने ते वर्षभरात वजन शेकडा ५ पेक्षा जास्त घटले तर त्याकडे दुर्लक्ष करू नये. म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ३ किलो गेले तर डॉक्टरांकडे जाण्याची वेळ आली, असे समजावे.

घरात काटा नसला तरी शरीर सांगतेच. पट्ट्याला नवे भोक पाडावे लागते, अंगठी बोटातून निसटते, घट्ट बसणाऱ्या बांगड्या मनगटावरून वर सरकू लागतात. भेटणारा प्रत्येक जण "काय हो, किती वाळलात?" असे विचारू लागतो. अशा वेळी एकदा दवाखान्यातील काट्यावर वजन करून ते तारखेसह लिहून ठेवावे. पुढचे सगळे त्या आकड्यावरच ठरते.

पोटात कोण कोण राहते?

आपण सरसकट सगळ्यांना 'जंत' म्हणतो. पण ही मंडळी वेगवेगळी आहेत आणि त्यांचे उद्योगही वेगवेगळे आहेत.

पहिला मोठा गोल जंत. हा गांडुळासारखा दिसतो व वीतभर किंवा त्याहून लांब असतो. मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. ती शौचावाटे मातीत जातात आणि न धुतलेल्या भाज्या व मातीचे हात यांमार्फत पुन्हा तोंडात येतात. लहान मुलांत हे जंत फार झाले तर त्यांची वाढ खुंटते, पोट फुगते, क्वचित आतडे अडते. मोठ्या माणसाच्या पोटात असे चार-दोन जंत असले तर बहुधा काही त्रासही होत नाही. तेवढ्याने सात-आठ किलो वजन जात नाही.

दुसरा आकडेकृमी, म्हणजेच हूकवर्म. याची लांबी जेमतेम एक सेंटिमीटर. याची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरते, रक्तावाटे फुप्फुसात जाते आणि तेथून घशावाटे आतड्यात उतरते. तेथे आतड्याला चिकटून तो रक्त पितो. एक कृमी अगदी थोडेच रक्त पितो, पण शेकडो कृमी महिनोन्महिने पीत राहिले म्हणजे रक्तक्षय होतो. शेतात अनवाणी काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांत धाप लागणे, चेहरा पांढुरका पडणे, माती किंवा खडू खाण्याची इच्छा होणे, यामागे पुष्कळदा हा असतो.

तिसरा पट्टकृमी, म्हणजे टेपवर्म. याचे पांढरे, चपटे तुकडे शौचात दिसतात. तो अर्धवट शिजलेल्या मांसातून येतो. मात्र डुकराच्या मांसातील पट्टकृमीची अंडी भाजीपाल्यावरून किंवा दूषित हातांवरून शाकाहारी माणसाच्या पोटातही जातात आणि त्यांच्या गाठी मेंदूत होऊन झटके येऊ शकतात. ज्यांना पूर्वी झटके आलेले आहेत त्यांनी जंताचे औषध स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नये.

चौथा सुतासारखा बारीक जंत. हा रात्री गुदद्वाराशी येऊन खाज सुटवतो. मुले झोपेत चुळबुळ करतात. याने त्रास होतो, पण वजन सहसा घटत नाही.

आणि पाचवा, जो डोळ्यांना दिसत नाही आणि ज्याचे नावही पुष्कळांनी ऐकलेले नसते, तो जिआर्डिया. हा जंत नव्हे, एकपेशीय जीव आहे. १६८१ साली हॉलंडमधील लेवेनहूक याने स्वतःला जुलाब होत असताना आपलाच शौच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यात त्याला हा हलताना दिसला. मोठ्या माणसाचे वजन हळूहळू उतरत असेल आणि पोटही बिघडलेले असेल, तर याचा विचार अवश्य करावा लागतो.

एका शिक्षकांची गोष्ट

माझ्याकडे तालुक्याच्या गावातील एक माध्यमिक शिक्षक आले होते. वय चाळीस. चार महिन्यांत वजन ५८ वरून ५१ किलोवर आले होते. जेवण ठीक होते. पण जेवल्यावर पोट ढोलासारखे फुगे, कुजक्या अंड्यासारख्या वासाचे ढेकर येत, दिवसातून तीन-चार वेळा पातळ, चिकट, अतिशय दुर्गंधी असलेला शौच होई आणि तो पाण्याने सहज वाहून जात नसे. रक्त नाही, ताप नाही. त्यांनी जंताची गोळी महिन्याच्या अंतराने दोन वेळा घेतली होती. उपयोग शून्य.

खरा त्रास वेगळाच होता. शाळेत सहकारी दबक्या आवाजात बोलू लागले होते. कोणी साखरेचा आजार म्हणे, कोणी त्याहून वाईट काही. स्वतः मास्तरांनी कर्करोगच आहे असे मनाशी ठरवून टाकले होते. घरी कोणाला सांगितले नव्हते. मुलीच्या बारावीचे वर्ष संपेपर्यंत तपासणी करायचीच नाही, असा त्यांचा बेत होता. पत्नीने हट्ट धरला म्हणून ते आले.

रक्त, साखर, थायरॉईड, छातीचा फोटो यांत काही सापडले नाही. शौचाचा पहिला नमुना स्वच्छ आला. दुसराही स्वच्छ आला. तिसऱ्या नमुन्यात जिआर्डिया दिसला. सात किलो वजन आणि चार महिन्यांची झोप एवढ्या बारीक जीवाने नेली होती!

तो हे कसे करतो? आपले लहान आतडे सुमारे वीस फूट लांब असते. त्याचे आतले अस्तर टर्किश टॉवेलसारखे असते; त्यावर असंख्य बारीक तंतू उभे असतात आणि ते अन्नरस शोषून घेतात. जिआर्डिया या अस्तराला चोषकाने चिकटतो. त्यामुळे तंतू आखूड होतात, टॉवेलचा जणू पंचा होतो. मग तेल-तूप शोषले जात नाही, ते शौचातून जाते. म्हणून शौच चिकट व दुर्गंधी असतो. दूध पचवणारा पाचकरसही तेथेच तयार होतो, तो कमी पडतो. म्हणून दूध घेतले की पोट फुगते. माणूस जेवतो, पण अन्न त्याला मिळत नाही. 'अंगी लागत नाही' हा आपल्या बोलीतला शब्दप्रयोग या आजाराला अगदी शब्दशः लागू पडतो.

शौचाची तपासणी : लाज नको, घाई नको

जिआर्डियाच्या पुटकुळ्या रोजच्या रोज शौचात पडत नाहीत. म्हणून एक नमुना स्वच्छ आला म्हणजे आजार नाही असे होत नाही. एक-दोन दिवसांच्या अंतराने तीन नमुने द्यावेत. प्रयोगशाळेतून मिळालेल्या कोरड्या डबीत, लघवी किंवा पाणी न मिसळता सुपारीएवढा नमुना घ्यावा आणि शक्यतो तासाभरात पोहोचवावा. सकाळी घेतलेला नमुना संध्याकाळी नेऊन दिला तर त्यातून फारसे काही कळत नाही. मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांत जिआर्डिया ओळखण्याची वेगळी, अधिक अचूक चाचणीही होते. नमुन्यांत काही सापडले नाही आणि संशय मात्र कायम असेल, तर ती करून घेता येते.

औषधाबद्दल थोडेसे

शाळा-अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलांना अल्बेन्डाझोलची गोळी दिली जाते. २०१५ पासून देशात सुरू असलेला राष्ट्रीय जंतनाशक दिन तो हाच. १ ते १९ वयाच्या मुलांना ही गोळी अवश्य द्यावी. गोल जंत व आकडेकृमी यांवर ती उपयोगी आहे. परंतु तिच्या एका मात्रेने जिआर्डिया जात नाही. त्यासाठी मेट्रोनिडाझोल किंवा टिनिडाझोल या गटातील औषध लागते. कोणते औषध, किती मात्रा, किती दिवस हे वजन, वय आणि गरोदरपण पाहून डॉक्टरच ठरवतात. गरोदर स्त्रीने कोणतेही जंतनाशक विचारल्याशिवाय घेऊ नये.

या औषधाने तोंडाला धातूसारखी चव येते, मळमळते, लघवी गडद होते. यामुळे घाबरून पुष्कळजण तिसऱ्या दिवशी गोळ्या बंद करतात आणि मग "औषध लागू पडले नाही" म्हणतात. गोळी जेवणानंतर घ्यावी आणि दिलेले दिवस पूर्ण करावेत. या काळात आणि नंतर तीन दिवस दारूला स्पर्शही करू नये; जोराच्या उलट्या होऊन छातीत धडधडू शकते.

आकडेकृमीमुळे रक्त कमी झाले असेल तर कृमी मारून काम संपत नाही. लोहाच्या गोळ्या हिमोग्लोबिन सुधारल्यानंतरही सुमारे तीन महिने चालू ठेवाव्या लागतात. गोळीबरोबर लिंबाचे पाणी घ्यावे, चहा घेऊ नये. शौच काळा होतो, त्याची भीती नको.

गेलेले वजन परत कसे आणावे?

औषध संपले की दुसऱ्या दिवसापासून श्रीखंड-पुरी सुरू करणारे लोक आहेत, आणि महिनाभर नुसत्या पेजेवर राहणारेही आहेत. दोन्ही चूक. आतड्याचे अस्तर पुन्हा भरून यायला काही आठवडे लागतात, त्याला सोसेल असे पण पोटभर खावे.

पहिला आठवडा मऊ भात, मुगाच्या डाळीची खिचडी, वरण, शिजवलेला दुधी-भोपळा, केळे, ताजे ताक, उकडलेले अंडे असे खावे. तळलेले आणि फार तिखट टाळावे. दुधाने पोट फुगत असेल तर तीन-चार आठवडे दूध बंद ठेवावे. दही-ताक बहुतेकांना चालते. औषधानंतरही दुधाने पोट बिघडले तर आजार परत आला असे लगेच समजू नये. तो पाचकरस हळूहळू परत येतो.

दुसऱ्या आठवड्यापासून जेवण तीनदा ऐवजी पाचदा करावे. सकाळी नाचणीचे सत्त्व किंवा उपमा, अकराच्या सुमारास मूठभर भाजलेले शेंगदाणे व गुळाचा खडा, दुपारी भाकरी, उसळ, भाजी व चमचाभर तूप, संध्याकाळी केळे किंवा राजगिऱ्याचा लाडू, रात्री खिचडी किंवा पोळी-वरण. मांसाहार करणाऱ्यांनी अंडी, मासे घ्यावेत. महागड्या डब्यातील पावडरींची गरज नाही. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. आपल्या शेतातच टॉनिक पिकते आहे.

रोजच्या आहारात सुमारे ५०० उष्मांकांची भर पडली तर आठवड्याला साधारण अर्धा किलो वजन वाढते. त्याहून घाई करू नये. वजन रोज करू नये, मन खट्टू होते. आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, सकाळी, त्याच काट्यावर करून कॅलेंडरवर लिहावे. वर सांगितलेल्या मास्तरांचे वजन पहिल्या पंधरा दिवसांत जेमतेम अर्धा किलो वाढले, तेव्हा ते पुन्हा निराश झाले होते. चौथ्या महिन्यात ते ५७ वर आले. ज्यांना मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी मात्र हा आहार डॉक्टरांना विचारूनच ठरवावा.

पुन्हा होऊ नये म्हणून

औषध घेऊनही दोन महिन्यांनी तोच त्रास सुरू होतो, तेव्हा बहुतेक वेळा नवीन लागण झालेली असते. ती येते कोठून?

आपल्याकडे पुष्कळ गावांत नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येते. मधल्या काळात जलवाहिनी रिकामी असते. ती गटाराजवळून गेली असेल आणि तिला कोठे गळती असेल, तर बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. नळाला मोटार लावली की ते आणखी जोराने येते. म्हणून नळ आल्यावर सुरुवातीचे गढूळ पाणी पिण्यासाठी भरू नये, ते संडास-अंगण धुण्यास वापरावे. गल्लीतील गळती दिसली तर नगरपालिकेत लेखी कळवावी.

तुरटीने पाणी नितळ होते, निर्जंतुक होत नाही. क्लोरीनच्या थेंबांनी कॉलरा-विषमज्वराचे जंतू मरतात, तेव्हा ते अवश्य वापरावेत. पण जिआर्डियाची पुटकुळी क्लोरीनला बरीच दाद देत नाही. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळलेले पाणी मात्र निर्धोक होते. घरात कोणी आजारी असेल तोपर्यंत तरी सर्वांनी उकळलेले पाणीच प्यावे. पाणी झाकून ठेवावे आणि लांब दांडीच्या ओगराळ्याने काढावे; त्यात हात बुडवू नये.

शौचानंतर, लहान मुलाचे शौच धुतल्यानंतर आणि स्वयंपाकापूर्वी हात साबणाने धुवावेत. नखे कापावीत. कोथिंबीर, मुळा, गाजर, काकडी वाहत्या पाण्यात नीट धुवावी. शेतात आणि परसात चप्पल घालावी. संडास बांधलेला असेल तर तो घरातील सर्वांनी वापरावा. त्यात सरपण भरून ठेवू नये. घरात आणखी कोणाला तसाच त्रास असेल तर सर्वांची तपासणी एकाच वेळी करून घ्यावी.

आणि जंत नसतीलच तर?

हा भाग वाचकांनी विशेष लक्ष देऊन वाचावा. गेल्या काही वर्षांत पाहिलेला एक रुग्ण सांगतो. पन्नाशी उलटलेले एक शेतकरी, वजन नऊ किलोने घटलेले. जंताचे औषध तीन वेळा घेऊन झाले होते. खोकला आहे का विचारले तर "तो बिडीचा" म्हणाले. संध्याकाळी अंग कोमट होते का, तर "उन्हाचे" म्हणाले. थुंकीच्या तपासणीत क्षयरोग निघाला. तोपर्यंत घरातील नातवालाही लागण झालेली होती. औषधांनी दोघेही बरे झाले, पण तीन जंताच्या गोळ्यांच्या नादात जे पाच महिने गेले ते टाळता आले असते.

म्हणून वजन घटण्याबरोबर पुढीलपैकी काहीही असेल तर जंताची वाट पाहत बसू नये. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम : क्षयाची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. फार तहान, वारंवार लघवी : साखर तपासावी. हात थरथरणे, छातीत धडधड, उकाडा सहन न होणे : थायरॉईड तपासावे. शौचात रक्त, काळा डांबरासारखा शौच, घास अडकणे, पोटात किंवा मानेत गाठ, सतत उलट्या, पन्नाशीनंतर नव्यानेच बदललेली शौचाची सवय : त्याच आठवड्यात तज्ज्ञांना दाखवावे. जेवणाची इच्छाच गेली, झोप उडाली, कशात मन लागत नाही : हाही आजारच आहे, आणि तोही बरा होतो.

घटणारे वजन लपवू नये. मास्तरांनी ते मुलीच्या परीक्षेसाठी लपवले, शेतकरीबाबांनी पेरणीसाठी टाळले. घरच्यांची काळजी वाचावी असाच दोघांचाही हेतू होता. पण घरच्यांना आपली काळजी न वाटावी याचा एकच मार्ग आहे : आकडा काट्यावर पाहावा, तो लिहावा आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे. बहुतेक वेळा निदान आपल्या मनातील भीतीपेक्षा साधे निघते. आणि साधे नसले, तरी लवकर कळलेले चांगले.

(पुढील आठवड्यात : रक्तक्षय आणि घरातील लोखंडी कढई)